बियाण्याचं घोसाळं

"मी जिवंत आहे तोवर या घरात प्लॅस्टिकचा स्पंज शिरणार नाही!" आर्जेमिरोने जाहीर केलं. जाहीर करताना त्याने उजवा हात छताकडे उंचावला होता आणि आवाज असा लावला होता की कुंपणावर बसलेली कोंबडी खाली उतरली.

समोर जुसारा उभी होती. ती आरोग्यकेंद्रातली. दर मंगळवारी गल्लीत येते, म्हाताऱ्याला सेऊ, म्हातारीला दोना असा मान देत त्यांचे रक्तदाब मोजते, घरोघरी नाही म्हणता म्हणता कॉफी पिते आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत स्वतःचाच रक्तदाब वाढवून घेते. तिने स्वयंपाकाच्या ओट्याकडे बोट दाखवलं.

"मग सेऊ आर्जेमिरो, तो पिवळा कोणाचा?"

ओट्यावर साबणाच्या वडीला टेकून प्लॅस्टिकचा स्पंज बसला होता, घरचाच असल्यासारखा.

"तो भांड्यांचा," आर्जेमिरो हात खाली घेत म्हणाला. "मी अंगाबद्दल बोलतोय."

"मीपण अंगाबद्दलच बोलतेय. दोना इदालीनाच्या पाठीची सालटं निघालीयेत. लाल झालीये नुसती. कशाने घासता तुम्ही त्यांना?"

कशाने म्हणजे काय? मागच्या कुंपणावर घोसाळ्याचा वेल होता. आग्वा मान्सा गावातली ती सगळी गल्ली आर्जेमिरोच्या घोसाळ्यांनी अंग घासत होती. घोसाळं खायची वस्तू आहे असं त्या गावात कुणी म्हणालं असतं तर लोकांनी त्याला धरून जुसाराकडेच नेलं असतं. तिथे घोसाळं वेलावरच वाळवायचं, वाऱ्यावर आतलं बी वाजायला लागलं की तोडायचं, साल काढून, आपटून, धुऊन त्याची घासणी करायची. आणि आर्जेमिरोची घासणी म्हणजे नुसती घासणी नव्हे. चर्चच्या जत्रेत तो ती मांडायचा तेव्हा सुतार येऊन चौकशी करून जायचा, दारांचा रंग काढायला चालेल का म्हणून. यात आर्जेमिरोला अपमान वाटत नसे. उलट तो ते चारचौघांत सांगत असे.

त्याचं सगळं आयुष्य रेल्वेच्या फाटकावर गेलं होतं. गाडी यायच्या आधी फाटक पाडायचं, गेली की उचलायचं. पुढे त्या मार्गावरच्या गाड्या बंद झाल्या, पण फाटकवाल्याला घरी पाठवायचा हुकूम निघायचा राहून गेला. म्हणून आर्जेमिरो निवृत्त होईपर्यंत रोज वेळेवर फाटक पाडत राहिला आणि न आलेली गाडी निघून गेली की उचलत राहिला. लोक हसायचे, पण थांबायचे. फाटकाच्या खोलीवर ऊन फार तापायचं म्हणून त्याच्या बायकोने, इदालीनाने, आपल्या आईकडून बी आणून छपरावर घोसाळ्याचा वेल चढवला. तेच बी अजून चालू होतं.

नाताळ झाल्यावर इदालीनाला झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं जरा जाड झालं, पण कमी झालं नाही. तेव्हापासून आर्जेमिरो तिला रोज उचलून न्हाणीतल्या खुर्चीवर बसवायचा आणि अंघोळ घालायचा. जत्रेत मिरवायची ती घासणी तिच्या पाठीवर चालवायचा. आपण हिला उत्तमातलं उत्तम देतोय, अशी त्याची समजूत होती.

"म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी होते हो," जुसारा म्हणाली. आवाज तिने हळू केला होता. "मऊ फडकं घ्या. आणि मला मार्लूसियाला कळवावं लागेल. रागावू नका."

तो रागावला नाही. त्याने नुसतं आपल्या तळहातांकडे पाहिलं.

मार्लूसिया ही त्यांची एकुलती मुलगी. ती बेलो ओरिझोंची शहरात चौथ्या मजल्यावर राहते. संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, रविवारी भाड्याची गाडी घेऊन येतेय. आईला नेते."

"आणि मी?"

"तुम्ही या ना अधूनमधून. लगेच तुमची सोय नाही व्हायची. शिवणाच्या खोलीत एकच खाट मावते." मग ती म्हणाली, "तुम्हाला जमत नाहीये बाबा. तुमची चूक नाहीये त्यात."

शेवटचं वाक्य तिने प्रेमाने म्हटलं होतं. तेच त्याला जास्त लागलं.

तो आत गेला. इदालीना खाटेवर उशीला टेकून दारामागचं बोलणं ऐकत होती. ऐकत नाही असं दाखवायला तिने डोळे मिटले होते.

"रविवारी मार्लूसिया येतेय."

"कशाला?"

"तुला न्यायला."

"मला कुणी विचारलं?"

"मलाही नाही विचारलं."

"तुला कशाला विचारायचं? पाठ माझी आहे."

त्या दिवशी त्याने फडक्याने तिचं अंग पुसून पाहिलं. इदालीनाने दोन मिनिटं सोसलं.

"मी काय कपाट आहे का, धूळ झटकतोयस?"

"जुसारा म्हणाली, मऊ पाहिजे."

"मऊ पाहिजे तर मऊ आण. हे फिरतंय की नाही तेच कळत नाही. माणसाला अंघोळ झाल्यासारखं तरी वाटू दे."

पिवळ्या स्पंजाकडे तिने नुसतं पाहिलं. आर्जेमिरोने तो पुन्हा ओट्यावर नेऊन ठेवला.

म्हणजे आता रविवारच्या आत पाठ बरी दिसायला हवी होती, आणि इदालीनाला अंघोळ झाल्यासारखंही वाटायला हवं होतं. रात्रभर विचार करून त्याला एकच वाट सुचली. घोसाळं वाळायच्या आधी तोडलं तर घासणी मऊ निघते. साल नुकती पिवळट पडू लागलेली असते, अंगठ्याने दाबली की आत सैल लागते, तेव्हाच ते तोडायचं. त्याआधी तोडलं तर आत जाळीच धरलेली नसते.

बुधवारी उजाडताच तो शिडी घेऊन कुंपणाशी गेला. एप्रिल नुकता लागला होता आणि वेलावर घोसाळी हिरवी लोंबत होती. त्याने एकेक दाबलं. अंगठ्याला जे ऐकायचं होतं ते अंगठ्याने ऐकलं. सगळी जराशी सैलच वाटली. त्याने ती सगळी तोडली. हौदात टाकून सोलायला बसला आणि सोलता सोलता त्याच्या हातात नुसता बुळबुळीत गोळा येऊ लागला. धुतला की तंतू वाहून जायचे, पिळला की बोटांच्या फटीतून निघून जायचे. तासाभरात वर्षाचं सगळं पीक हौदाच्या तळाशी शेंबडासारखं पसरलं. वर्षानुवर्षं न आलेल्या गाड्यांची वाट शांतपणे पाहणारा माणूस, त्याच्या हातून ही घाई झाली.

वेलावर एकच उरलं होतं. मुळाजवळचं, सगळ्यांत आधी धरलेलं आणि सगळ्यांत लांब. त्याच्या देठाला लाल चिंधी बांधलेली होती. ते बियाण्याचं घोसाळं. चिंधी दर वर्षी इदालीना बांधायची आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, असा तिच्या आईच्या घरचा नेम होता. शेवटपर्यंत ते वेलावरच वाळायचं, बी काळं कुळकुळीत होईपर्यंत. या वर्षी चिंधी आर्जेमिरोने बांधली होती, एका हाताने शिडी धरून, आणि इदालीनाने खिडकीतून गाठ चुकल्याचं सांगितलं होतं.

ते घोसाळं नेमकं पिवळट पडलं होतं.

आर्जेमिरो बराच वेळ शिडीवर उभा राहिला. वरून हुकूम आल्याशिवाय त्याने आयुष्यात कधी फाटक उचललं नव्हतं. इथे हुकूम द्यायला कुणी नव्हतं. त्याने चिंधी सोडून खिशात घातली आणि देठ कापला.

साल एका ओढीत निघाली. आतली जाळी पांढरी, ओली आणि इतकी मऊ होती की त्याने ती नकळत गालाला लावून पाहिली. बी खाली पडलं, तेही पांढरं होतं. रुजणारं नव्हतं. त्याने ते पायाने मातीत सारलं, कुणी पाहिलं नाही ना हे बघत. जाळीचे तीन तुकडे करून त्याने ते मागे वाळत घातले, आणि शुक्रवारीही ओलेच राहिले म्हणून पुढच्या अंगणातल्या दोरीवर नेले. मागे ऊन दुपारीच जायचं.

आता त्या गल्लीत एक रीत होती. कोवळ्या घोसाळ्याची मऊ घासणी माणसाच्या दोनच अंघोळींना वापरतात. एक जन्मल्यावरची आणि दुसरी त्यानंतरच्या सगळ्या अंघोळी संपल्यावरची. आर्जेमिरोला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण घराच्या आत काळजी असली की माणूस गल्लीच्या डोक्याने विचार करत नाही. गल्ली मात्र गल्लीच्याच डोक्याने विचार करते.

शनिवारी सकाळी शेजारच्या दोना झुलमीराला दोरीवर पांढऱ्या घासण्या दिसल्या. गल्लीतली सर्वांत तरुण बाई ती स्वतः होती आणि तिला नातवंडं होती. तेव्हा बाळंतपणाची शक्यता तिने फार वेळ घोळवली नाही. मग तिने आर्जेमिरोला एक घासणी काढून आत नेताना पाहिलं. खिडक्या लावल्या गेल्या. न्हाणीतून पाणी ओतल्याचा आवाज आला. आणि एवढं पाणी ओतलं जात असताना इदालीनाचा शब्द नाही! झुलमीराने छातीवर क्रूस काढला आणि चुलीवर कॉफीचं मोठं आधण ठेवलं.

आत इदालीना गप्प होती, कारण तिला बरं वाटत होतं. आर्जेमिरो घासणी साबणात बुडवून तिच्या पाठीवर हळूहळू, गोल गोल फिरवत होता. लाल जागेभोवतीने जात होता.

"लागतंय?"

तिने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, "हे असं होतं तर इतके महिने मला खरवडत का होतास?"

"मला वाटायचं, तुला आवडतं."

"आवडायचंच."

तेवढ्यात दार वाजलं. ओल्या बाह्यांनी, हातात घासणी तशीच धरून आर्जेमिरोने दार उघडलं. दारात सगळी गल्ली उभी होती. पुढे झुलमीरा थर्मास घेऊन, तिच्यामागे कोपऱ्यावरच्या गुत्त्याचा मालक बेल्मीरो टोपी काढून, त्यामागे मक्याचे केक, मेणबत्त्या, जपमाळा.

"आर्जेमिरो!" झुलमीरा म्हणाली आणि थर्मास मागच्याच्या हातात देऊन तिने त्याला मिठीत घेतलं.

इथे आर्जेमिरोने एक वाक्य बोलायला हवं होतं. साधं वाक्य होतं. इदालीना आत बसलीये. पण नाताळपासून त्याला कुणी जवळ घेतलं नव्हतं. उचलायचं, बसवायचं, पालथं करायचं हे सगळं तोच करत होता. आणि उद्या रविवार होता. झुलमीराच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला. मग बेल्मीरोने त्याला मिठी मारली. मग तिसऱ्याने. प्रत्येक मिठीत तो ते वाक्य बोलायला तोंड उघडायचा आणि त्यातून हुंदकाच बाहेर पडायचा. लोकांना आणखी काय पुरावा पाहिजे?

"किती गोड बोलायची," झुलमीरा डोळे पुसत म्हणाली. "कधी कुणाला तोडून बोलली नाही."

हे ऐकून दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण अशा वेळी कुणी हरकत घेत नाही.

"मी मार्लूसियाला फोन करतो," बेल्मीरो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

"आर्जेमिरो!" आतून आवाज आला. "पाणी गार झालं! कोण मेलंय तिकडे?"

एक केक खाली पडला.

"आणि झुलमीरा," आवाज पुढे म्हणाला, "आत्ता काय म्हणालीस ते इकडे येऊन म्हण. माझ्या तोंडावर."

झुलमीराने जपमाळ खिशात कोंबली. भीती ओसरल्यावर तिला राग आला. "मग ही मऊ घासणी कुणासाठी केलीस रे?"

"तिच्यासाठी."

"जिवंत माणसाला? लाज नाही वाटत? सगळ्या गल्लीला रडवलंस!"

"मी कुठे रडवलं? मी एकटाच रडत होतो."

लोक थोडा वेळ घुटमळले, मग कॉफी गार नको व्हायला म्हणून बसले. केक कापले गेले. बेल्मीरोला परत पिटाळलं, पण तोवर त्याचं सांगून झालं होतं आणि मार्लूसिया फोन उचलत नव्हती.

ती दिवस कलताना पोचली. बसमधून उतरून पळत आली असावी, केस सुटले होते, एका पायातली चप्पल तुटली होती. ती दारातून तशीच आत घुसली आणि खाटेपाशी थबकली. इदालीना धुतलेल्या गाउनमध्ये, केस विंचरून, डाव्या हाताने केक खात होती.

"आलीस?" इदालीना म्हणाली. "रविवारी येणार होतीस ना?"

मार्लूसियाने तिच्या तोंडाला, खांद्याला हात लावून पाहिला. मग तो डावा हात केकसकट दोन्ही हातांत धरला आणि खाटेच्या काठावर कोसळली. रडून झाल्यावर तिने बापाकडे तोंड वळवलं.

"सहा तास बसमध्ये माझी आई मेली होती, बाबा. सहा तास! शेजारच्या बाईला मी सांगत होते, मी शेवटचं भेटलेसुद्धा नाही म्हणून. तुम्ही हे काय चालवलंय? मी उद्या सकाळी तिला घेऊन जाणार. आता एक शब्द बोलू नका."

आर्जेमिरो भिंतीला टेकून उभा राहिला.

"माझी पाठ बघ आधी," इदालीना म्हणाली.

"आई, पाठीचा प्रश्न नाहीये."

"पाठीचाच प्रश्न होता. पाठीवरून फोन झाले. बघ."

मार्लूसियाने एका हाताने गाउन बाजूला करून पाहिलं. लाल जागा कोरडी होती, कडेने कातडी धरत होती. तिने बराच वेळ पाहिलं. मग खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेली घासणी तिला दिसली. तिने हात लांबवून ती चाचपली.

"ही कशाने केली?"

इदालीनाने त्या पांढऱ्या जाळीकडे पाहिलं, तिची लांबीरुंदी पाहिली. वेलावरचं प्रत्येक घोसाळं तिला खाटेवरून, खिडकीतून पाठ होतं. बुधवारपासून मात्र ती खिडकी गार वारा येतो म्हणून आर्जेमिरोने लावलेली होती.

"बियाण्याचं तोडलंस?" तिने विचारलं.

"तोडलं."

"बी?"

"पांढरं होतं."

"म्हणजे पुढच्या वर्षी वेल नाही."

"नाही."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. बाहेर कुणीतरी रिकामे कप गोळा करत होतं, त्यांचा आवाज येत होता. आपल्या आईचं बी संपलं, एवढंच ते नव्हतं. पुढच्या वर्षी या घरात काय लागेल आणि काय लागणार नाही, हे या माणसाने शिडीवर उभं राहून एकट्याने ठरवलं होतं आणि तिला सांगितलं नव्हतं. ते तिला आत्ता कळलं, आणि आपल्याला कळल्याचं त्यालाही कळलं.

"किती आहेत अशा?" मार्लूसियाने विचारलं. तिचा आवाज खाली आला होता.

"तीन."

"टिकतात किती?"

आर्जेमिरोच्या मनात आलं, सांगावं की पुष्कळ टिकतात. नीट वाळवल्या, सावलीत ठेवल्या, तर वर्षभर. मार्लूसिया शहरात राहते, तिला काय कळणार? पण घोसाळ्याच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता.

"कोवळ्या आहेत," तो म्हणाला. "फार नाही टिकत. पावसापर्यंत जातील कशाबशा."

"बरं," इदालीना म्हणाली. "तोवर मी इथे. मग तुझ्या शिवणाच्या खोलीत. लिफ्टने वर जाईन, मजा येईल."

"आई..."

"मला कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगतेय."

मार्लूसियाने आईचा हात घट्ट धरून त्यावर कपाळ टेकलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिचे खांदे हलत होते.

आर्जेमिरो भिंतीपासून सुटा झाला. शर्ट खाली ओढला, घसा साफ केला आणि उजवा हात छातीवर ठेवला. आज बोलायलाच हवं होतं. इतकी वर्षं बोलायचं राहून गेलेलं सगळं त्याच्या गळ्याशी आलं होतं.

"मार्लूसिया, इदालीना," त्याने सुरुवात केली, "माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की..."

"आर्जेमिरो," इदालीना म्हणाली. तिचा एक हात गेलेला होता आणि दुसरा लेकीने सोडला नव्हता. "आधी माझं नाक पूस."